चौथा रॉड

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. माह्या बायकोजवळ, इंदूजवळही नाही, अन् तिच्याजवळ बोलायले मले अठरा वर्षं भेटली होती. आता तीन महिने झाले, ती नाही. घरात ऐकणारं कोणी उरलं नाही म्हणून लिहून राहिलो. तुमी कोण, मले माहीत नाही. बरं आहे ते. ओळखीच्या माणसाले मी आतापर्यंत फक्त खोटंच सांगितलं.

मी चौथी शिकलेला माणूस. पण आकडे मले येतात. इंग्रजी आकडे, इंग्रजी अक्षरं, रजिस्टरात लिहून लिहून सगळी आली. हे आताच सांगून ठेवतो. पुढं लागन.

अमरावती अन् अकोल्याच्या मधात एका माळावर खाजगी धावपट्टी होती. तिथं पोट्टे-पोट्टी विमान चालवायले शिकत. लहान विमानं, दोन माणसं बसतील एवढी. पट्टीच्या बाजूलेच टिनाचं शेड होतं. त्या शेडात त्या विमानांचे इंजन उघडत, धुवत, तपासत अन् परत बांधत. मी तिथं होतो. आता शेड नाही, पट्टीवर गवत आहे. मालकाचं नाव लिहित नाही. दुसऱ्यावर ढकलायचं असतं त लिहायले काहून बसलो असतो?

माहं काम दोन गोष्टींचं. इंजनाच्या भागांचं कपाट सांभाळायचं, अन् नापास झालेले भाग तोडायचे.

तोडायचे म्हणजे खरंच तोडायचे. विमानाच्या इंजनातला भाग नापास झाला की त्याले लाल चिठ्ठी बांधत. पण नुसती चिठ्ठी बांधून भागत नाही, फेकूनही भागत नाही. सरकारचा नियम आहे—तो भाग असा मोडायचा की जगात कोणाले तो पुन्हा बसवता येऊ नये. मी ग्यासच्या कटरनं त्याचे दोन तुकडे करायचो, मंग त्याच्यावर जो नंबर कोरलेला असते त्याच्यावर घण घालायचो. साहेब समोर उभे राहून पाहत. मंग रजिस्टरात दोन सह्या. एक तोडणाऱ्याची, एक पाहणाऱ्याची.

एवढं सगळं काहून? कारण नापास भाग चांगला दिसते. तपासायच्या खोलीत जांभळा दिवा होता. रॉडले चुंबक लावून त्याच्यावर एक पाणी सोडत अन् त्या दिव्याखाली धरत. उजेडात जो रॉड चांदीसारखा चमकते, त्याच्या पोटात तिथं केसाएवढी रेघ पेटलेली दिसायची. चीर. बाहेर आणला की पुन्हा काही नाही. कोरा.

आमचे तपासणारे साहेब म्हणजे तायडे. बार्शीटाकळीचे. बाप दुसऱ्याच्या वावरात राबलेला, अन् हा पोरगा शिकून इंजनावर शिक्का मारायच्या जागेवर बसला. तिशीतला असन तेव्हा. एवढा चोख माणूस मी पाहिला नाही. फिटर लोक त्याच्या माघारी म्हणत, "हा साहेब बायकोचा हात धराच्या आधी बी जांभळ्या दिव्याखाली पाह्यते." त्याच्या कानावर गेलं त तोही हसला. मले तो पहिल्या दिवसापासून काका म्हणायचा. मालक मले "ए" म्हणायचा.

अन् ती बाळापूरची पोट्टी. एकोणीस वर्षांची, मास्तराची मुलगी, उडायले शिकत होती. तिचं नाव मी लिहित नाही. ते लिहायचा हक्क मले नाही. बाकीचे शिकणारे शेडात येत नसत, तेलाचे डाग पडतात म्हणून. ती यायची. एकदा मी एक भाग तोडून राहिलो होतो त म्हणाली, "काका, चांगला त हाये हा. काहून तोडता?"

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "बाई, चांगला दिसते म्हणूनच तोडतो. तू वर असताना हा खाली भंगारात पाह्यजे."

ती म्हणाली, "मंग तुमच्या भरवशावरच उडतो आमी."

म्हणाली ती असं. हसत म्हणाली.

आता दसऱ्याचं सांगतो. शेडात दरवर्षी पूजा व्हायची. पाने, हातोड्या, मशिनी, सगळ्यांले हळद-कुंकू. इंजनाचाही एखादा भाग पाटावर पाह्यजे, मालकाची तशी हौस होती. पण चांगल्या भागाले कुंकू लावू देईन तो तायडे कुठला? कुंकवाचा कण इंजनात गेला त काय होईल, यावर तो अर्धा तास बोलायचा. म्हणून आमची रीतच पडली होती, की तोडायले आलेला नापास भाग घासून-पुसून पाटावर ठेवायचा अन् पूजा झाली की तोडायचा. त्यात कोणाले काही गैर वाटत नव्हतं. मरायच्या आधी मान, असं फिटर लोक म्हणत.

त्या वर्षी एक रॉड नापास होता. पिस्टनची ताकद ज्या दांड्यातून खाली जाते, तो रॉड. एका इंजनात चार लागतात. स्टँडवर एक इंजन उघडून ठेवलं होतं, त्याचे तीन पास झाले, चौथ्यात चीर निघाली. नवा चौथा मागवला होता, तो यायचा होता. तायडे साहेब दसऱ्याले दरवर्षी नागपूरले दीक्षाभूमीवर जायचे, आईले घेऊन. चार-पाच दिवस सुट्टी. जाताना म्हणाले, "काका, तो लाल चिठ्ठीवाला मी आल्यावर तोडू. दोघं मिळून."

"हव साहेब," म्हटलं.

पूजेले इंदू आली होती. शेडातल्या सगळ्या लोखंडाले तिनंच कुंकू लावलं. रॉडजवळ आली अन् थांबली. "हे काय बांधलं याले? मेलेल्याच्या अंगठ्याले बांधतात तसं. सोडा ते." मी चिठ्ठी सोडून सदऱ्याच्या खिशात घातली. तिनं त्या रॉडले पाच बोटं कुंकू लावलं, ओवाळलं. अन् म्हणाली, "ज्याले कुंकू लावलं त्याच्यावर आज घण नोका घालू. दोन दिवस जाऊ द्या."

तसंही साहेब आल्याशिवाय मी तोडणार नव्हतोच. पण पूजेचं लोखंड, जमिनीवर भंगारात कसं ठेवायचं? मी तो रॉड पुसला, तेल लावलं, अन् कपाटात वरच्या फळीवर ठेवला. तिथं ते तीन पास झालेले होते. त्यांच्याच ओळीत. चिठ्ठी माह्या खिशातच.

ही चूक. पण हा माहा गुन्हा नाही, हे लक्षात ठेवा. अठरा वर्षं मी सोताले याच चुकीची गोष्ट सांगत आलो—की पूजा होती, रीत होती, बायकोनं म्हटलं होतं. गुन्हा याच्या पुढं आहे. मी त्याच्याभोवती फिरून राहिलो, तुमच्याही ध्यानात आलं असन.

दुसऱ्या दिवशी मी गावी गेलो, भावाले सोनं द्यायले. मालकाले घाई होती, इंजन दिवाळीच्या आधी विमानात पाह्यजे होतं. मी तिसऱ्या दिवशी सकाळी आलो त इंजन बंद. बांधून तयार. फिटर म्हणाला, "आला ना तुमचा चौथा. फळीवर चार दिसले, बसवून टाकले. कागद तेवढा देजा."

मी "हव" म्हटलं. तेव्हा मले काही सुधरलंच नाही. खरंच वाटलं, नवा आला असन.

दुपारी पार्सल आलं. मी खोललं. तेलाच्या कागदात गुंडाळलेला रॉड, सोबत त्याचा कागद, शिक्का, नंबर. नवा चौथा हा होता—माह्या हातात.

मंग इंजनात कोणता गेला?

मी कपाटाकडं पाहिलंही नाही. पाहायची गरज नव्हती. हात खिशात गेला, पण सदरा बदललेला होता. चिठ्ठी घरी.

इंजन माह्यापासून दहा पावलांवर होतं. स्टँडवर. विमानात गेलं नव्हतं, सुरू झालं नव्हतं. उघडायले अर्धा दिवस. फिटरनं शिव्या देल्या असत्या, मालक चिडला असता, तायडे साहेबानं कपाळाले हात लावला असता. एक शब्द बोलायचा होता. तेवढाच. मी काय केलं?

नोकरी जाईल असं वाटलं का? वाटलं. पण खरं सांगू—नोकरीपेक्षा तायड्याचं भ्या वाटलं. तो ओरडला नसता. त्यानं नुसतं पाहिलं असतं माह्याकडं. ज्या एका माणसानं मले काका म्हटलं, त्याच्या डोळ्यातून उतरायचं भ्या. त्यापायी—

मी नवा रॉड तोडला.

हे पहिल्यांदा लिहितो आहे. जेवायच्या सुट्टीत फिटर लोक बाहेर गेले, तेव्हा मी कटर पेटवलं अन् त्या नव्या कोऱ्या, पास झालेल्या, चीर नसलेल्या रॉडचे दोन तुकडे केले. त्याच्या नंबरावर घण घातला. एकही आकडा वाचता येईना तोपर्यंत घातला. तुकडे भंगाराच्या डब्यात टाकले. रजिस्टरात नापास रॉडचा नंबर लिहून पुढं 'तोडला' अशी सही केली. अन् नव्या रॉडचा कागद इंजनाच्या फाईलले लावून देला.

माह्या हातून त्या दिवशी दोन गोष्टी झाल्या. जो जगायचा तो मारला, जो मारायचा त्याले जगवलं. अन् दोन्हीचे कागद बराबर.

तायडे साहेब नागपूरहून आले. डब्यात तुकडे पाहिले. "काका, दोघं मिळून तोडायचं ठरलं होतं ना?"

मी म्हटलं, "नापास लोखंड सणात शेडात नोको वाटलं, साहेब."

ते थोडे नाराज झाले, पण तुकडे समोर होते. सही केली. मंग इंजनाकडं गेले. "मी नसताना बांधलंच कसं?" म्हणून फिटरले झापलं. मालकाले म्हणाले, "मी उघडून पाहीन." मालक भडकला—दिवाळी तोंडावर आहे, नियम नियम काय करून राहिले. तायडे साहेब फाईल हातात घेऊन उभे राहिले. मंग माह्याकडं वळले.

"काका, चौथा नवाच बसला ना?"

सगळं शेड पाहत होतं. मी म्हटलं, "नवाच हाये, साहेब. माह्या हातानं फळीवर ठेवला होता."

त्यानं शिक्का मारला. मालकाच्या दबावानं नाही मारला, एवढं तुमी माना. तो दबावात येणारा नव्हता. माह्या शब्दावर मारला.

मंग ते विमान उडायले लागलं. किती दिवस उडालं, मोजले होते तेव्हा, आता मोजत नाही. रोज सकाळी त्याचा आवाज माह्या डोक्यावरून जायचा अन् मी म्हणायचो, आज गेलं नीट, म्हणजे चीर लहानच असन. प्रत्येक दिवशी मी बोलू शकत होतो. प्रत्येक दिवशी. लोकं म्हणतात एखाद्या वेळी माणसाची बुद्धी फिरते. माही रोज फिरत होती, न्याहारी करून, डबा घेऊन.

एका सकाळी आवाज मधातच थांबला.

कपाशीच्या वावरात पडलं. शिकवणारा मास्तर वाचला. ती बाळापूरची पोट्टी चौथ्या दिवशी दवाखान्यात वारली. मी वावरात गेलो नाही. दवाखान्यात गेलो नाही. बाळापूरले त कधीच गेलो नाही, आजवर. एस.टी. त्या बाजूनं जात असली त मी दुसरी धरतो.

चौकशीले मोठे लोक आले. इंजन खोललं त रॉड मधून तुटलेला, अन् त्याच्यावर नंबर—जो आमच्या रजिस्टरात 'तोडला' म्हणून लिहिला होता. पाहणाऱ्याची सही तायडे. इंजन पास केल्याची सहीही तायडे. त्यानं सांगितलं, मी तुकडे माह्या डोळ्यानं पाहिले. कोणाले पटन? जो रॉड तुटून समोर पडला, त्याचे तुकडे तू महिन्याआधी कसे पाहिले?

मले वेगळ्या खोलीत बोलावलं. तोडणाऱ्याची सही तुमची आहे का? मी दोन्ही हात जोडले. म्हटलं, "मी अडाणी माणूस, साहेब. ते सगळं इंग्रजीत राह्यते. तायडे साहेबानं बोट ठेवलं तिथं सही केली."

त्यांनी मान हलवली. एकानं मले पाणीही देलं.

आकडे मले येतात, हे म्हणूनच वर लिहून ठेवलं.

तायड्याचं लायसन गेलं, नोकरी गेली. कोर्टात किती वर्षं फिरला. टपरीवर लोकं बोलत—नापास माल विकला असन, दुसरं काय. एक जण म्हणाला, "या लोकांले सायबी कशी भेटते ते का माहीत नाई, बाप्पा? मंग हेच होईन." बाकीचे हसले. माह्या घरासारख्याच घरातले सगळे, वावरं असलेले. त्यांले पुरावा नको होता. आडनाव पुरलं. अन् मले ते माहीत होतं, खोलीत हात जोडले तेव्हाही. माह्यावर कोणाचा संशय जाणार नाही, त्याच्यावर लगेच जाईन, हे मले कोणी शिकवावं लागलं नाही. मी टपरीवर हसलो का? हसलो. आवाज नाही केला, पण हसलो.

इंदूले काय माहीत होतं? त्या आठवड्यात सदरा धुताना तिले चिठ्ठी सापडली. "त्या पूजेतल्याची ना? तोडला ना तो?" मी म्हटलं, "तोडला." विमान पडल्यावर तिनं पुन्हा विचारलं नाही. पण पुढच्या दसऱ्यापासून तिनं लोखंडाले कुंकू लावणं बंद केलं. विळीले नाही, कात्रीले नाही, मुसळाच्या लोखंडी वसवीले नाही. शेजारणी विचारत, ती म्हणायची, "माह्या हाताले गुण नाई."

मी पाहत होतो. अठरा दसरे पाहिले.

तीन महिन्यांआधी अकोल्याच्या दवाखान्यात ती शेवटची बोलली. म्हणाली, "मी दोन दिवस थांबा म्हटलं नसतं त तुमी तो तोडला असता. माह्या कुंकवानं गेलं ते लेकरू." मी तिचा हात धरून बसलो होतो. मले फक्त एवढं म्हणायचं होतं—नाही इंदू, तुह्या कुंकवानं नाही, मले माहीत होतं, इंजन दहा पावलांवर होतं. तिच्या डोक्यावरचं उतरवायले तेवढं पुरे होतं.

मी म्हटलं, "निजून राह्य. बोलू नोको."

ती तेच घेऊन गेली. बाया म्हणाल्या, सवाष्ण गेली, नशिबाची, कुंकू लावा. मी तिचा करंडा उघडला. कुंकवाखाली घडी करून ती चिठ्ठी होती. लालाचा रंग उडून गेला होता, सुतळी तशीच.

तेरवीले तायडे आला. मी बोलावलं नव्हतं. केस सगळे पांढरे. अकोल्यात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करते. माह्याजवळ बसला. मंग म्हणाला, "काका, त्या वक्ती सगळे माह्यावर बोलले. तुमी एकटेच नाई बोलले. आई जाईपर्यंत म्हणत होती, तो माणूस चांगला."

खोलीत मी काय सांगितलं, ते त्याले आजही माहीत नाही. माही चुप्पी त्यानं माया समजून जपून ठेवली आहे. तोंड माहं त्याच्याकडंच होतं. बोलायले काही अडत नव्हतं. पंगती उठल्या होत्या, आंगणात आमी दोघंच होतो.

मी म्हटलं, "चहा घेता का, साहेब?"

जाताना त्यानं आमच्या आंगणातली मोटार पाहिली. दोन महिन्यांपासून बंद होती. थैलीतून पाने काढले, फडक्यावर एकेक भाग ओळीनं मांडला, जसा तेव्हा मांडायचा तसाच. एक बेअरिंग गेलेलं होतं. त्याच्याजवळ दुसरं होतं, ते बसवलं. मोटार सुरू झाली. जुनं बेअरिंग त्यानं माह्या हातावर ठेवलं.

"हे तोडून टाकजा, काका. दिसते चांगलं. नाई त कोणी परत बसवते."

तो फाटकाबाहेर गेला. मी मागच्या दारातून घण आणला, बेअरिंग दगडावर ठेवलं अन् मारला. दोन घाव. फुटलं.

एवढंच काम होतं.